सहलीची एसटी जुन्या गोव्यात अर्धा दिवस थांबवा

सातारा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि गोव्याच्या सहलीबरोबर जाणारे सर्व शिक्षक-शिक्षिका यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुटी संपली की आपल्या मुलांना सहलीचे वेध लागतात. संमतिपत्रे, सवलतीच्या गाडीची मागणी, मुक्कामाची सोय, कोणत्या गाडीत कोणते शिक्षक, गाडी लागणाऱ्या मुलांना पुढची जागा, ही सगळी धावपळ मी चित्रकलेचा शिक्षक या नात्याने अनेक वर्षे केली आहे. त्यामुळे आपल्यावर किती जबाबदारी असते आणि पस्तीस-चाळीस मुले मोजत फिरताना स्वतः काही पाहायला किती कमी वेळ मिळतो, हे मला सांगायला नको. तरीही एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गोव्याच्या सहलीत जुन्या गोव्याला आपण जी चाळीस-पंचेचाळीस मिनिटे देतो, ती पुरत नाहीत. तिथे अर्धा दिवस द्यावा, आणि त्यातला मोठा भाग मांडवीच्या काठावरच्या मठांच्या चर्चना द्यावा.

ही विनंती मी का करतो आहे, ते सांगायचे तर माझी एक चूक आधी सांगावी लागेल. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल जुन्या गोव्यात पोहोचली. नेहमीप्रमाणे मुलांनी रांगेने सेंट झेवियरच्या शवपेटीचे दर्शन घेतले, समोरच्या हिरवळीवर फोटो झाले आणि गाडीत बसण्यासाठी शिट्टी वाजली. तेवढ्यात आठवीतली एक मुलगी टेकडीवर उभ्या असलेल्या पडक्या मनोऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “सर, हे कोणी पाडलं?” मला ते ठाऊक नव्हते. ठाऊक नाही असे सांगणे सोपे होते, पण गाडीला उशीर होत होता आणि समोर मुले होती. “लढाईत पडलं असेल,” असे मी सांगून टाकले. तिने वहीत तसे लिहूनही घेतले.

निवृत्तीनंतर पत्नीसह मी पुन्हा तिथे गेलो, तेव्हा त्या टेकडीवर सावकाश चढलो. तो मनोरा सेंट ऑगस्टिनच्या मठ-चर्चचा आहे. ऑगस्टिनियन संघाचे साधू १५७२मध्ये गोव्यात आले आणि शतक संपता संपता त्यांनी हे प्रचंड चर्च बांधायला घेतले. आज दिसणारा मनोरा मूळच्या सुमारे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उरलेला भाग आहे. हे चर्च कोणत्याही लढाईत पडले नाही. पोर्तुगीज सरकारने १८३५मध्ये गोव्यातील सर्व धार्मिक संघ बंद केले, साधू निघून गेले, मठ रिकामा झाला, आणि अवघ्या सात वर्षांत, १८४२मध्ये, चर्चचे छत कोसळले. पुढे १९३१मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. पावसाळ्यानंतर छतावर उगवलेले रोपटे उपटणारे, तडा दिसला की चुना भरणारे, गळकी जागा शोधणारे कोणी उरले नव्हते, एवढेच त्याच्या पडण्याचे कारण. त्या मुलीला मी चुकीचे उत्तर दिले, याचे मला आजही वाईट वाटते. कारण खरे उत्तर तिला साताऱ्यात परतल्यावर उपयोगी पडले असते. आपल्या गावोगावचे वाडे आणि नदीकाठची देवळे बहुतेक याच कारणाने पडत आहेत.

त्या अवशेषांत आता चर्चच्या छताऐवजी आकाश दिसते. जमिनीवर थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत, भिंतींच्या खालच्या भागात रंगीत फरशांचे तुकडे अजून चिकटून राहिले आहेत. आणि मुलांना हमखास सांगावी अशी एक गोष्ट या जागेला जोडलेली आहे. जॉर्जिया देशातील राणी केतेवान हिने धर्म बदलण्यास नकार दिला, म्हणून इराणच्या शहा अब्बासच्या आज्ञेने १६२४मध्ये शिराझ येथे तिला हालहाल करून मारण्यात आले. तेथील ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्याच्या या मठात आणला. पुढे मठच कोसळल्याने त्या ढिगाऱ्याखाली गेल्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या उत्खननात अस्थी सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांची जनुकीय तपासणी झाली, आणि २०२१मध्ये भारताने त्यांचा एक भाग सन्मानाने जॉर्जियाला दिला. इतिहासाच्या तासाला ‘साधने’ हा धडा शिकवताना जुने कागद, उत्खनन आणि विज्ञान यांची अशी गाठ दुसरीकडे क्वचितच मिळेल.

टेकडीवरून उतरून नदीकडे चालत गेले की सेंट काजेतानचे चर्च लागते. सहलींच्या गाड्या येथे फारशा थांबत नाहीत, आणि माझ्या मते मुलांनी सर्वांत अधिक वेळ घालवावा अशी जागा हीच आहे. इटलीतील थिएटाइन संघाच्या साधूंना पोपने गोवळकोंड्याला पाठवले होते. तिथे त्यांना काम करू दिले गेले नाही, म्हणून ते गोव्यात आले आणि सतराव्या शतकाच्या मध्यास त्यांनी हे चर्च व शेजारचा मठ बांधला. मुलांना काळाचा अंदाज द्यायचा असेल तर असे सांगता येईल की प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९मध्ये अफझलखानाची भेट झाली, त्याच्या आगेमागेच मांडवीच्या काठी हा घुमट उभा राहत होता. चर्चच्या आवाराजवळच काळ्या दगडाची एक एकटी चौकट उभी आहे. ती आदिलशाही राजवाड्याच्या दरवाजाची. वाईचा सुभा ज्या आदिलशाहीने अफझलखानाला दिला होता, तिचाच तो दरवाजा आहे, हे ऐकले की साताऱ्याची मुले तिथे नक्की थबकतील.

रोमच्या सेंट पीटर चर्चचा आराखडा डोळ्यांसमोर ठेवून हे चर्च बांधले गेले. बाहेरून दोन बाजूंना चौकोनी मनोरे, मध्ये त्रिकोणी माथा, उंच स्तंभ आणि कोनाड्यांत संतांच्या मूर्ती दिसतात. आत गेल्यावर मात्र बोलणे आपोआप थांबते. चार भक्कम खांबांवर घुमट तोललेला आहे आणि त्याच्या माथ्यावरच्या झरोक्यांतून उजेड खाली उतरतो. सकाळी नऊ-साडेनऊला मी तिथे बसलो होतो, तेव्हा तो उजेड एका खांबावरून हळूहळू सरकताना दिसत होता. समोरच्या वेदीवर आणि बाजूच्या वेद्यांवर सोन्याचा मुलामा दिलेले लाकडी कोरीव काम आहे. लाकडी व्यासपीठावरची नक्षी पाहताना आपल्याकडच्या वाड्यांतील तुळयांचे आणि महिरपींचे काम आठवल्यावाचून राहत नाही, कारण गोव्यातील चर्चमधले कोरीव काम बहुतांशी इथल्याच सुतारांच्या हातचे आहे. घुमटाच्या बरोबर खाली, जमिनीवर, एक चौथरा आहे. त्याच्याखाली विहीर आहे. देवळाच्या आवारातील बारव आपल्याला नवीन नाही, पण चर्चच्या ऐन मध्यभागी, घुमटाखाली विहीर पाहून मुलांच्या मनात जे प्रश्न उभे राहतील, त्यांची तयार उत्तरे देण्याची घाई आपण करू नये, एवढेच मी सुचवीन.

मुलांना तिथे बसवून चित्र काढू द्यावे, असे चित्रकलेचा शिक्षक म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे. रंग, फळी यांची गरज नाही. शंभर पानी वही आणि पेन्सिल पुरेशी आहे. मोबाइलवर फोटो काढायला तीन सेकंद लागतात आणि त्यात खांब किती होते हे लक्षात राहत नाही. कमानीची एक रेघ ओढायची तर ती कुठून सुरू होते आणि कुठे टेकते हे पाहावेच लागते. वीस मिनिटे एका खांबासमोर बसलेला मुलगा तो खांब विसरत नाही, हे मी वर्गात आणि वर्गाबाहेर अनेकदा अनुभवले आहे.

या सर्व इमारती ज्या दगडाच्या आहेत, तो दगड आपल्या मुलांच्या पायाखालचा आहे. तो जांभा. पाचगणीचे टेबललँड जांभ्याचे आहे, कासचे पठार जांभ्याचे आहे. पावसाळ्यात फुले पाहायला गेलेल्या प्रत्येक मुलाने तो तांबडा, सच्छिद्र दगड पाहिलेला असतो. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरे पाडता येतात, आणि हवा लागल्यावर कठीण होतो. परंतु सच्छिद्र असल्याने तो पाणी पितो. म्हणून जांभ्याच्या बांधकामावर चुन्याचा गिलावा असावा लागतो आणि ठरावीक काळाने तो नवा करावा लागतो. सेंट काजेतान पांढरे दिसते ते या गिलाव्यामुळे. ज्या बॅसिलिका ऑफ बॉम जीझसमध्ये सेंट झेवियरची शवपेटी आहे, तिच्याही बाहेरच्या भिंतींवर असाच गिलावा होता. १९५०च्या दशकात पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून, तो काढून टाकला. तेव्हापासून तिचा तांबडा जांभा गोव्याच्या पावसात उघडा पडला आहे, झिजत आहे, आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर तिथे गंभीर चर्चा सुरू आहे. आपण सारे ज्या तांबड्या भिंतीसमोर मुलांचा सामूहिक फोटो काढतो, ती भिंत मुळात पांढरी होती, हे मला साठी उलटल्यावर कळले. मुलांना ते चौदाव्या वर्षी कळावे.

आता एका अवघड गोष्टीविषयी. ही चर्च सुंदर आहेत म्हणून त्यांच्याभोवतीचा इतिहास गोड करून सांगू नये, आणि तो इतिहास कटू आहे म्हणून ती पाहायचीच नाहीत असेही करू नये. १५१०मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकले. त्याच शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या भागांतील देवळे पाडली गेली. १५६०मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, मधला थोडा खंड सोडता १८१२पर्यंत चालले. लोकांनी आपले देव रातोरात नदीपार नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. आपल्या सहली दुपारी मंगेशीला आणि शांतादुर्गेला जातात, पण सकाळी पाहिलेल्या चर्चचा आणि दुपारी पाहिलेल्या देवळांचा हा संबंध मुलांना कोणी सांगत नाही. कवळ्याचे आजचे शांतादुर्गा मंदिर तर थेट साताऱ्याशी जोडलेले आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारातील मंत्री नारोराम यांच्या प्रयत्नांतून आणि महाराजांच्या आश्रयाने ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. शाहूनगरीतून गेलेल्या मुलांनी ते देऊळ पाहावे आणि हे माहीत नसताना परत यावे, याची मला खंत वाटते.

वेळ असेल तर जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जावे. व्हाइसरॉयच्या कमानीतून उतरले की धक्का समोरच आहे आणि नदी ओलांडायला काही मिनिटे लागतात. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान या बेटावर होते. ते उद्ध्वस्त झाल्यावर लिंग पलीकडे नार्वे येथे नेण्यात आले आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये केला. संभाजी महाराजांनी नोव्हेंबर १६८३मध्ये जुने गोव्याजवळचे जुवे बेट घेतले, तेव्हा हतबल झालेल्या व्हाइसरॉयने आपला अधिकारदंड सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला होता. फेरीबोटीच्या कठड्याला धरून उभ्या असलेल्या मुलांना हे सांगितले, तर नदीच्या दोन्ही काठांचा इतिहास त्यांना एकाच वेळी दिसेल. तो सांगताना आवाजात द्वेष नसावा. आपल्या वर्गात ख्रिस्ती मुलेही बसतात आणि चारशे वर्षांपूर्वीच्या कोणत्याही व्हाइसरॉयचा हिशेब त्यांच्याकडे मागायचा नसतो.

सहलीच्या आधीची एक गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. गोव्याला निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी मुलांना मेणवलीला न्यावे. वाईपासून जवळच, कृष्णेच्या काठी, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या ज्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांपैकी ही एक. मुलांनी तिच्यावरून हात फिरवावा. नंतर पणजीला गेल्यावर, ज्या चर्चच्या नागमोडी पायऱ्यांवर प्रत्येक सहल फोटो काढते, तिथे वर टांगलेली घंटा त्यांना दाखवावी. ती सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्यातली. मठ रिकामा झाल्यावर ती उतरवली गेली, काही काळ आग्वादच्या दीपगृहात राहिली आणि १८७१पासून पणजीत आहे. आपापल्या मनोऱ्यांतून निघालेल्या दोन घंटा, एक कृष्णेकाठी आणि दुसरी मांडवीजवळ. पहिली पाहिलेले मूल दुसरीकडे परक्याच्या नजरेने पाहणार नाही.

आणि परतल्यावर माहुली. साताऱ्यापासून पाच किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५च्या सुमारास बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ आहे, दीपमाळ आहे, घाट आहे, शाहू महाराजांची आणि ताराराणींची समाधी आहे. महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी तिथे आहे. आपल्यापैकी अनेकांनी आजवर मुलांना तीनशे किलोमीटरवर नेले, पण या पाच किलोमीटरवर नेलेले नाही. माझ्याकडूनही ते झाले नाही. गोव्यात चर्चमध्ये जी पाहण्याची सवय लागेल ती इथे वापरू द्यावी. देवळाचा खालचा भाग काळ्या पाषाणाचा आणि शिखर विटा-चुन्याचे का, चुना कुठे सुटला आहे, शिळांच्या सांध्यांत पिंपळाचे रोप कुठे उगवले आहे, घाटाची कोणती पायरी पुरात सरकली आहे, हे मुलांनी शोधून वहीत काढावे. सेंट ऑगस्टिनचे छत कसे कोसळले हे ज्यांनी ऐकले आहे, त्या मुलांना पिंपळाचे ते रोप लगेच दिसेल.

चर्चमध्ये कसे वागावे हे गाडीतच सांगून ठेवावे. सेंट काजेतान हे आजही प्रार्थनेचे ठिकाण आहे आणि शेजारच्या जुन्या मठात धर्मगुरूंचे प्रशिक्षण चालते. आत टोपी काढावी, वेदीच्या पायऱ्यांवर चढू नये, बाकांवर पाय ठेवू नये, कोणी गुडघे टेकून बसले असेल तर त्यांच्या समोरून जाऊ नये. गाभाऱ्याबाहेर चपला काढून शांत उभे राहणे ज्या मुलांना घरी शिकवलेले असते, त्यांना हे एकदा सांगितले की पुरते.

कार्यक्रम आखताना डोना पावला किंवा बाजारातला वेळ थोडा कमी करावा. मुले सुरुवातीला कुरकुर करतील. समुद्रकिनारा मात्र कमी करू नये, कारण आपल्या अनेक मुलांनी समुद्र प्रथमच पाहिलेला असतो. सकाळी लवकर पोहोचावे, म्हणजे सेंट काजेतानमध्ये गर्दी नसते आणि टेकडीवर ऊनही लागत नाही. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या जुन्या मठात पुरातत्त्व विभागाचे वस्तुसंग्रहालय १९६४पासून आहे. तिथे कदंबकालीन वीरगळ ठेवलेले आहेत, आणि आपल्या गावच्या मारुतीच्या देवळाबाहेर शेंदूर फासलेला तो दगड कसला, हे अनेक मुलांना तिथे उमगेल. हे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, म्हणून तारीख ठरवताना शुक्रवार टाळावा.

सहलीआधी मुलांशी तासभर बोलण्यासाठी कोणत्याही शाळेने बोलावले तर मी जांभ्याचा एक चिरा, चुन्याची एक ढेप आणि माझ्या वह्या घेऊन येईन. शनिवारची सकाळची शाळा मला सोयीची पडते.

आपला स्नेहांकित,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
सातारा